चाळीस दिवसांनंतर



२ फेब्रुवारीला, नाताळनंतर चाळिसाव्या दिवशी, आपण येशूबाळाच्या मंदिरातील समर्पणाचा सण साजरा करतो आणि मेणबत्त्या आशीर्वादित करून घरी नेतो. संत लूकच्या शुभवर्तमानातील हा प्रसंग आपणा सर्वांना पाठ आहे. परंतु त्या दिवशी मंदिरात केवळ बाळासाठी येणे झाले नव्हते. मोशेच्या नियमाप्रमाणे मुलगा झाल्यावर चाळीस दिवस पूर्ण झाले की आईलाही स्वतःसाठी अर्पण आणावे लागे. ऐपतीच्या घराने कोकरू आणायचे, गरिबाने दोन पक्षी. योसेफ आणि मरियेने पक्षी आणले. वृद्ध शिमोनाने बाळाला हातांत घेऊन देवाची स्तुती केली, आणि मग तो मरियेकडे वळला. तिच्या जिवाला होणाऱ्या वेदनेविषयी तो तिच्याशीच बोलला.

आपल्या घरांत असे किती वेळा होते? गरोदरपणी सुनेची काळजी घेतली जाते. बाळंत झाली की सर्वांचे डोळे पाळण्याकडे. एचआयव्हीची लागण असलेल्या बाळंतिणीच्या बाबतीत हे दुर्लक्ष तिच्या आणि बाळाच्याही जिवावर बेतू शकते.

हा विषय देवळात कशाला, असे काहींना वाटेल. भारतातील कॅथलिक बिशपांच्या परिषदेने २००५ सालीच याविषयीचे धोरण प्रसिद्ध केले होते, तेव्हा विषय नवा नाही. शिवाय कितीतरी स्त्रियांना ही लागण नवऱ्याकडून झालेली असते आणि गरोदरपणीच्या रक्ततपासणीतच ती प्रथम कळते.

पूर्वी सरकारी रुग्णालयात कळा सुरू झाल्या की आईला एक गोळी आणि जन्मल्यावर बाळाला औषधाचा एक डोस देत. त्यावरून औषध बाळापुरते, बाळ सुखरूप झाले की काम संपले, अशी समजूत रुजली. ती अजून गेलेली नाही. वास्तविक २०१४ पासून आपल्या देशात प्रत्येक लागण झालेल्या गरोदर स्त्रीला जन्मभराचे औषध विनामूल्य सुरू केले जाते. उपचार नसेल तर अशा शंभर मातांपैकी पंधरा ते पंचेचाळीस मातांच्या बाळांना लागण होऊ शकते. औषध नियमित असेल तर हे प्रमाण पाचाच्या खाली येते. पण लागण अंगावरच्या दुधातूनही होते, म्हणून बाळंतपणानंतर गोळ्या थांबल्या की धोका पुन्हा वाढतो. बाळाची पहिली तपासणी सहाव्या आठवड्यात होते (म्हणजे त्या मंदिरातल्या चाळीस दिवसांच्या सुमारासच!), आणि शेवटची पक्की तपासणी अठरा महिन्यांनी, कारण तोवर आईच्या रक्तातली प्रतिद्रव्ये बाळाच्या रक्तात राहू शकतात. मधली वाट लांब आहे, आणि आई गळते ती बहुधा याच वाटेवर.

का गळते? पहिलटकरीण माहेरी जाते, औषधाचे केंद्र सासरी राहते. निघण्यापूर्वी केंद्रात सांगितले तर माहेरजवळच्या केंद्रात नाव वर्ग करून मिळते, हे तिला कोणी सांगितलेले नसते. सव्वा महिना घराबाहेर पडायचे नाही, मग गोळ्या आणायला जायचे कसे? डबी कपाटात लपवायची, सासूने विचारले तर ताकदीच्या गोळ्या म्हणायचे. रात्रीची जागरणे, अशक्तपणा, आणि मनातली भीती कोणाजवळ बोलायची सोय नाही. एक दिवस गोळी चुकते, मग आठवडा जातो.

येथे आज्यांना एक विनंती. बाळ सहा महिन्यांचे होईपर्यंत डॉक्टरांनी फक्त अंगावरचे दूध सांगितले असेल तर प्रेमापोटी मध, पाणी, गुटी चाटवू नका. लागण असलेल्या आईच्या बाळाला असे मिसळून दिल्याने धोका वाढतो, आणि सून कारण सांगू शकत नाही. हा सल्ला कोणत्याही बाळाला लागू आहे, त्यामुळे तिला कारण विचारण्याची गरजही नाही.

अशी कोणी आपल्या धर्मग्रामात आहे का, याचा शोध कोणीही घेऊ नये. एचआयव्हीविषयीचा २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार संमतीशिवाय कोणाची लागण उघड करता येत नाही. कुजबुजीविरुद्ध मात्र कायद्याचा उपयोग थोडाच. ती आपणच थांबवायची आहे. बाळंतीण इस्पितळात निघाली तर ‘पुन्हा कशाला?’ असे न विचारता तासभर बाळाला सांभाळा, नाहीतर सोबत जा. नवऱ्यांनी औषधाची तारीख स्वतः लक्षात ठेवावी आणि आपलीही तपासणी करून घ्यावी. ज्या भगिनीला कोणाशीच बोलता येत नाही, तिच्यासाठी १०९७ हा विनामूल्य दूरध्वनी आहे. तेथे नाव सांगावे लागत नाही.

बाळंतिणींना इस्पितळात नेण्या-आणण्यासाठी ज्यांना गाडी किंवा वेळ देता येईल, त्यांनी मिस्सानंतर आपले नाव धर्मग्राम कार्यालयात द्यावे. मदत हवी असलेल्या भगिनीने फक्त दिवस आणि वेळ कळवावी. कारण विचारले जाणार नाही.