हात उगारण्यापूर्वी



गेल्या रविवारी मिस्सानंतर चर्चच्या आवारात एका तीन वर्षांच्या मुलाने दुसऱ्याचा फुगा हिसकावला आणि वर त्यालाच चावा घेतला. वडील धावत आले, पोराच्या कानाखाली वाजवली आणि ओरडले, "मारामारी करायची नाही, किती वेळा सांगितलं?" आम्हाला आधी हसू आले, मग वाईट वाटले.

मूल मारामारी बाहेरून शिकते, असे आपण समजतो. कॅनडातील माँट्रियल शहरात रिचर्ड त्रांब्ले या संशोधकाने १९८४ पासून हजारावर मुलग्यांच्या वाढीचा वर्षानुवर्षे मागोवा घेतला. त्यांच्या व इतरांच्या अभ्यासातून दिसले की मारणे, चावणे, ढकलणे सर्वाधिक असते ते दोन ते चार वर्षांच्या वयात. पुढे बोलता येऊ लागते, थांबणे जमू लागते, मोठे माणूस हात धरून समजावते आणि बहुतेक मुले निवळतात. काही पोरे मिसरूड फुटताना टोळक्यात बिघडतात. त्यांतलीही बरीच नंतर मार्गी लागतात. थोड्यांचा मात्र हात सुटलेलाच राहतो. आणि ज्यांचा हात थांबला, त्यांचा राग कधी जिभेवर जातो, कधी सख्ख्या भावाशी बांधावरून धरलेल्या अबोल्यात.

याकोब आणि योहान यांना प्रभूने गर्जनेचे पुत्र हे नाव दिले, ते उगीच नव्हे. शोमरोनी गावाने जागा दिली नाही, तर आकाशातून अग्नी पाडायला ते निघाले होते! प्रभूने त्यांना धमकावले, पण हाकलले नाही. प्रीतीविषयीची पत्रे परंपरेने त्याच योहानाच्या नावावर आहेत.

आपल्या नगरचेच उदाहरण घ्या. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) आपल्या पंथाचे नव्हते, पण त्यांची गीते आपल्याही ओठांवर आहेत. वडील कडक आणि तापट. आई गेल्यावर अकरा-बारा वर्षांच्या या मुलाने घर सोडून नाशिक गाठले. पुढे तोच तापटपणा त्यांच्यातही उतरला, आणि लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'मध्ये तो मायेने, पण न लपवता लिहिला. १८९५ च्या बाप्तिस्म्याने तो एका दिवसात धुऊन गेला असे आम्ही म्हणणार नाही.

ते वडील संध्याकाळी भेटायला आले. (त्यांना विचारूनच लिहीत आहोत.) त्यांचे वडील ऊसतोडीवरून आले की दोराने मारत. "मला दुसरं येतच नाही, फादर."

आम्ही म्हणालो, पोराच्या उंचीला खाली बसा, त्याचे हात धरा, थोडक्या शब्दांत सांगा. हात उगारावासा वाटला तर आधी मनात एकदा प्रभूची प्रार्थना म्हणा.

"आणि हात आधीच उठला तर?"

"मग त्याची माफी मागा."

ते बराच वेळ गप्प राहिले. "बाप कधी पोराची माफी मागतो का?"

काही वर्षांपूर्वी धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्हीही छडी वापरली होती. ती मुले आता मोठी झाली आहेत, काही याच चर्चमध्ये मागच्या बाकांवर बसतात. त्यांची माफी मागायची आमचीही राहिली आहे, असे आम्ही त्यांना सांगितले.