धनी नसलेली वस्तू

ज्या वस्तूला धनी नाही, ती आपण किती घ्यावी? दुकानातल्या वस्तूला किंमत असते, शेतातल्या मालाला मालक असतो. तिथे हात आपोआप आवरतो. माणसाची खरी परीक्षा होते ती फुकट मिळणाऱ्या गोष्टीपुढे.

आम्ही श्रीरामपूरची माणसे, प्रवरेच्या कालव्याच्या आणि उसाच्या मुलखातली. समुद्र आमच्या वाट्याला येतो तो सुट्टीपुरता. चार घरे मिळून गाडी करतात, स्टोव्ह, भांडी, अंथरूण-पांघरूण बरोबर घेतात आणि घाट उतरून कोकणात जातात. रत्नागिरीजवळ भाट्याच्या खाडीत ओहोटी लागली की रेती-चिखलाचा पट्टा उघडा पडतो. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास पाणी आणखी दूर ओसरते. मग मुलांपासून आजीपर्यंत सगळे तिसऱ्या उकरायला बसतात. वर्षभर धंद्यात हरवलेला बाप मुलांच्या बरोबरीने चिखलात हात घालतो. हा आनंद लहान नाही, आणि त्याला नावे ठेवायची आमची इच्छाही नाही.

अडचण सुरू होते ती बादली भरल्यावर. आमच्यातले बहुतेक हनफी. हनफी फिकहनुसार पाण्यातल्या जिवांपैकी मासळी तेवढी हलाल; शिंपल्यातला जीव त्यात बसत नाही. कोकणातले मुसलमान बहुतांशी शाफई. त्यांना तिसऱ्या चालतात आणि त्यांच्याकडे त्या पाहुण्यांपुढे मानाने येतात. दोन्ही मते थोर इमामांची आहेत. तो वाद आम्हाला इथे उकरायचा नाही. एखादी लहान मुलगी विचारते तो प्रश्न मात्र टाळता येत नाही : "अम्मी, आपण खाणार नाही, तर काढतो कशाला?"

विनाकारण मारलेली चिमणीसुद्धा कयामतच्या दिवशी दाद मागेल, अशी शिकवण हदीसमध्ये आहे. चिमणीला निदान चोच तरी आहे. तिसरीला ओरडताही येत नाही. वाळूत गप्प बसून ती पाणी आत घेते, त्यातले अन्नकण टिपते आणि पाणी सोडून देते. खाडीचे पाणी निवळ राहण्यात तिचाही हात असतो.

शिवाय या वस्तूला धनी नाही, हे तरी खरे का? त्याच खाडीत काही बाया ओहोटीची वेळ धरून पाण्यात उतरतात आणि काढलेल्या तिसऱ्यांचे वाटे लावून बाजारात बसतात. आमच्याकडे गव्हाची कापणी झाली की रानात सरवा वेचतात. पडलेल्या ओंब्यांवर मालक हक्क सांगत नाही, कारण तो गरिबाचा वाटा. पोट भरलेला माणूस मौज म्हणून सरवा वेचायला गेला, तर त्याला कोणी चोर म्हणणार नाही. पण संध्याकाळी कोणाची तरी पाटी रिकामी घरी जाईल.

'दर्याला दोन मुठींनी काय होते?' असे कोणी म्हणेल. केरळात अष्टमुडी सरोवरात एके काळी अती उपशाने शिंपल्या घटल्या. पुढे डिसेंबर ते फेब्रुवारी हे त्यांच्या पैदाशीचे महिने बंदीचे ठरले, पिल्ले निसटावीत म्हणून जाळ्याच्या आसालाही मर्यादा आली. २०१४ मध्ये तिथल्या शिंपल्यांच्या मासेमारीला टिकाऊपणाचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले, भारतातले पहिले. म्हणजे ज्यांचे पोट त्यावर, त्यांनीही हात आवरला. मग ज्यांची ती फक्त सुट्टी, त्यांनी किती आवरावा?

म्हणून मुलांना चिखलात जरूर उतरवावे. तिसरी उकरून दाखवावी, हातात धरू द्यावी आणि पाणी चढायच्या आत ओल्या रेतीत परत पुरायला लावावी. कोकणी यजमानाच्या घरी काही न्यायचे असेल, तर बाजारातल्या मावशीकडून एक वाटा विकत घ्यावा. हराम-हलाल काय, हे मुले घरात आणि मदरशात शिकतातच. जे घेता येते तेही सोडून द्यावे, हे त्यांना आपल्याच हाताकडे पाहून शिकावे लागते.