दलदलींतील मोटार

आल्फ्रेड हिचकॉक यांचा ‘सायको’ हा चित्रपट १९६० सालीं निघाला. त्यांतील स्नानगृहांतला खून पडद्यावर जेमतेम पाऊण मिनिटाचा. चित्रणास मात्र आठवडा लागला. तो प्रसंग पाहून खुद्द जॅनेट ली ही नटीदेखील शॉवरखालीं स्नान करणें टाळूं लागली. पुढें असे चित्रपट उदंड झाले. १९७८ च्या ‘हॅलोवीन’ची नायिका तर याच नटीची कन्या. परंतु सुरा बहुतेकांनीं उचलला, दलदल फार थोड्यांनीं; आणि आमच्या मतें ‘सायको’ मनांत राहतो तो त्या दलदलीमुळें.

चाळीस हजार डॉलर चोरून निघालेली मेरियन ते परत करण्याचा निश्चय करते, आणि त्याच रात्रीं मारली जाते. मोटेलचा तरुण चालक नॉर्मन फरशी पुसतो, प्रेत तिच्याच मोटारीच्या डिकींत ठेवतो व मोटार दलदलींत लोटतो. ती बुडूं लागते आणि मध्येंच अडते. त्या क्षणीं प्रेक्षकाचा श्वास अडकतो तो कोणासाठीं? वाचकांनीं आपल्याशींच खरें बोलावें. मोटार बुडावी, असेंच आपणांस वाटतें. घटकाभरापूर्वीं जिच्यासाठीं जीव कासावीस झाला, ती आंत आहे, याचा विसर पडलेला असतो.

रसिक म्हणतील, कीं हें साधारणीकरण; त्यांत प्रेक्षकाचा अपराध कोणता? पण अभिनवगुप्तांनीं भयानक रसाचें उदाहरण घेतलें तें शाकुंतलांतील बाणाच्या धाकानें पळणाऱ्या हरिणाचें. तेथें भय सावजाचें आहे, पारध्याचें नव्हे.

नॉर्मनला आपण तेव्हां आईचा गुन्हा झांकणारा गरीब मुलगा समजतों, खुनी तोच हें अखेरीस कळतें, हा बचाव आम्हीं स्वतःपुरता करून पाहिला. तो टिकला नाहीं. मेरियन मेली आहे, हें तर आपणांस तेव्हांही ठाऊक होतें. एक लाजरा, नीटनेटका मनुष्य मन लावून काम करतांना दिसला, एवढ्यावर आपण तिला सोडून त्याच्या बाजूला गेलों.

ते डॉलर एका वर्तमानपत्रांत गुंडाळलेले असतात. नॉर्मन तें रद्दी म्हणून मोटारींत फेकतो. आंत काय आहे हें त्यास माहीत नसतें, आपणांस असतें. आम्हीं हा चित्रपट प्रथम पाहिला, तेव्हां मोटार दिसेनाशी होतांच सुटकेचा श्वास टाकला. मागून थोडी हळहळ वाटली, ती त्या पैशांची.