सत्तवणिज्जा आणि सम्यक आजीव



उपासकाने पाच व्यापार करू नयेत असे तथागतांनी अंगुत्तरनिकायात सांगितले आहे : शस्त्रे, माणसे, मांस, मद्य आणि विष यांचे. दारूचा विषय आपल्या विहारात नेहमी निघतो. दुसऱ्या व्यापाराविषयी, म्हणजे सत्तवणिज्जेविषयी, मात्र आपण बोलत नाही. अट्ठकथेने तिचा अर्थ माणसाची विक्री असा स्पष्ट दिला आहे. माणसांचे बाजार केव्हाच उठले, अशी आपली समजूत!

उसाच्या फडात जाऊन पाहा. पावसाळ्यात घरात दाणा नसतो तेव्हा मुकादम उचल देतो. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एक दिवस आजारपणात गेला की खाडा पडतो आणि त्याचे पैसे उचलीत चढतात. हंगाम संपला तरी पुष्कळांची उचल फिटत नाही. पुढच्या हंगामाला तेच जोडपे पुन्हा बांधले जाते. वीटभट्टीवरही हीच रीत.

आपल्याला हे नवे नाही. वतनाच्या तुकड्यासाठी आणि बलुत्यासाठी आपले वाडवडील रात्रंदिवस राबले. कर्ता माणूस गावी नसला तर बापाला नाही तर मुलाला चाकरीला जावे लागे. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे बिल मांडले ते यासाठीच. ती वतने १९५८ च्या कायद्याने गेली.

हे आज लिहिण्याचे कारण असे की, आपलीच काही मुले आता ठेकेदार झाली आहेत, कुणी वीटभट्टी टाकली आहे. आनंदाची गोष्ट आहे. पण "मजूर मुकादमाचे, मी फक्त मुकादमाला पैसे देतो," असे म्हणून बौद्ध मालकाला सुटता येणार नाही. त्याने स्वतः कामावर जाऊन विचारावे. मजुरी कोणाच्या हातात पडते? बाईची मजुरी तिला मिळते का? आधारकार्ड कोणापाशी आहे? उचल किती राहिली हे मजुराला सांगता येते का? हिशेब बाकी असताना गावी जातो म्हटले तर कोणी अडवते का? शाळेच्या वेळी पोर कच्च्या विटा का पलटते आहे? आणि इतरांपेक्षा फारच स्वस्तात मजूर आणून देणारा मुकादम भेटला, तर तो पैसा कोणाच्या पोटातून वाचवतो ते आधी पाहावे.

कायदाही हेच सांगतो. १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने असे कर्ज रद्द ठरते आणि वेठबिगारी करून घेणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. किमान वेतनाहून कमी पैशांत करून घेतलेले काम हीदेखील घटनेच्या २३ व्या कलमाखाली सक्तीची मजुरीच होय, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात दिला.

सिगालाला उपदेश करताना तथागतांनी मालकाची पाच कर्तव्ये सांगितली : ताकद पाहून काम, अन्न व वेतन, आजारात शुश्रूषा, गोडधोडात वाटा आणि वेळेवर सुट्टी. आजाऱ्याचा खाडा कापणारा यातली दोन एकदम मोडतो.

ज्या कुटुंबांनी या हंगामाची उचल घेतली आहे, त्यांचा हिशेब विहारातल्या शिकलेल्या मुलांनी वहीत लिहून द्यावा, आणि वही मजुराच्याच घरी राहावी. कोणाला अडवून ठेवले असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे अर्ज करावा. १९७६ च्या कायद्याची अंमलबजावणी त्यांच्याकडे आहे. अर्ज लिहायला शिक्षक मिळतीलच.

जय भीम.