व्यसन : दोष की संकट?

दिवाळीच्या फराळात असला कडू विषय कशाला वाढता, असे वाचक मला विचारतील. पण नरकचतुर्दशीला कारीट फोडून त्याचा कडू थेंब जिभेला लावल्यावरच अनेक घरांत फराळाची ताटे मांडतात. तेवढ्या थेंबापुरतीच जागा मी मागतो.

'व्यसन' हा शब्द मोठा विलक्षण आहे. आज आपण तो वाईट सवयीला लावतो. संस्कृतात मात्र त्याचा अर्थ 'संकट' असाही आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्राचे आठवे अधिकरण व्यसनांविषयीच आहे. त्यात मद्यपान व द्यूत आहेत, तसेच पूर, आग, रोगराई आणि दुष्काळही आहेत. पुरात सापडलेल्याला आपण दोर टाकतो. मग गर्दुल्ल्याला काय म्हणावे? अपराधी की संकटग्रस्त?

मला वाटते, तो दोन्ही आहे. पण एकाच वेळी नव्हे. पहिली पुडी घेणारा हात त्याचा असतो. पुढे शरीरच पुडी मागू लागते. गर्द मिळाली नाही की नाकाडोळ्यांतून पाणी वाहते, हाडे ठणकतात, पोटात कळा येतात, झोप उडते. याला ते 'टर्की' म्हणतात. आता तो ओढतो ते सुखासाठी नव्हे, ही यातना चुकवण्यासाठी. इच्छा नेमकी कोणत्या दिवशी गुलाम झाली, हे त्यालाही सांगता येत नाही.

आणि तो पहिला हात तरी सर्वांचा सारखाच स्वतंत्र असतो काय? केंद्र सरकारने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, व्हाइटनर, सोल्यूशन यांसारखे पदार्थ हुंगण्याचे प्रमाण प्रौढांत ०.५८ टक्के, तर दहा ते सतरा वर्षांच्या मुलांत १.१७ टक्के आढळले. ही मुले माझ्या वर्गातल्या बाकांवर बसणाऱ्या वयाची आहेत.

१९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात सेवनाला शिक्षा आहे. पण आपण होऊन मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला खटल्यातून सूट देणारे कलमही त्यातच आहे. समाजाच्या मनात मात्र हे दुसरे कलम अजून लिहिले गेलेले नाही. एका विद्यार्थ्याची आई मुलाला कावीळ झाली असे सांगत असे. खरे सांगितले तेव्हा म्हणाली, "सर, काविळीला शेजारणी मऊ भात आणून देतात. हे कळलं तर दारातूनच परत फिरतील."

त्या माउलीला लाज वाटत होती, आणि त्या लाजेपायी मुलाच्या उपचाराचे दिवस वाया जात होते. पुण्यात डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी १९८६ साली 'मुक्तांगण' सुरू केले. तेथे व्यसनातून सुटलेली माणसेच नव्यांना हात देतात. 'तुझे चुकले' हे त्यांनाही ठाऊक असते. पण ते तेथेच थांबत नाहीत.

दोष पाहू नये, असे मी म्हणत नाही. जबाबदारीची जाणीव नसेल तर कोणी बराही होणार नाही. पण दोष मोजून झाल्यावर दोर टाकायचा राहू नये. यंदा फराळाचे ताट ज्या दारी न्यायला आपण कचरतो, त्या दारी ते आधी न्यावे.