बुचाची फुलं

कार्तिक सरला तरी सुरतेत पानगळ दिसत नाही. इथला पिंपळ, कडुनिंब पानं टाकतात ती फेब्रुवारी-मार्चमध्ये. मार्गशीर्षातली बाग हिरवीच असते, वर फुलतेही. गुलाबी कांचन बहरतो. बूच तर रात्री उमलतो, लांब सोंडेच्या निशाचर पतंगांसाठी. आपण ज्याला देठ समजतो ती त्या फुलाचीच नळी. मध तिच्या तळाशी. किती सुंदर योजना आहे ही! पहाटे झाडाखाली पांढरा, सुगंधी सडा पडतो.

उधना-लिंबायतच्या खानदेशी भावा-बहिणींनो, सुटीच्या सकाळी मुलांना घेऊन उगतच्या बोटॅनिकल गार्डनला जा. वाटेत कुठे बूच दिसला, तर चार फुलं वेचा. दोऱ्याशिवाय त्यांची वेणी कशी गुंफतात, ते मुलांना शिकवा.