सूचना आणि स्वयंसेवक

मराठीत ‘सूचना’ या शब्दाला दोन तोंडे आहेत. फलकावरची सूचना वरून खाली येते, ती पाळायची असते. सभासदाची सूचना खालून वर जाते. तिचा विचार व्हावा, एवढीच अपेक्षा असते. परंतु ऑफिस आटोपून रात्री मंडळाचे काम करणाऱ्या स्वयंसेवकाच्या कानाला दोन्ही सारख्याच लागतात. ऊद मेथा काय किंवा दुबईतला दुसरा कुठला भाग काय, उत्सवाच्या समितीत ज्यांनी काम केले आहे त्यांना हे सांगायला नको. जेवणाच्या दोन रांगा करा म्हणणारे दहा आणि वाढायला उभे राहणारे दोन!

मग जो राबत नाही त्याला सुचवण्याचा अधिकार आहे का?

इंटरनेटवर स्वयंसेवकांनी उभ्या केलेल्या कामांत हा प्रश्न रोजचाच आहे. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी, म्हणजे महाराष्ट्रदिनी, सुरू झाला. त्यावरील चर्चेच्या पानाला ‘चावडी’ असे झकास नाव आहे. दुबईत बसून आपल्या गावावरचा लेख कोणीही सुधारू शकतो. त्यामुळे चूक दाखवणाऱ्याला तिथला सरळ जबाब असतो, ‘आपणच दुरुस्त करा.’ मला हा न्याय आवडतो. बोलणारा आणि करणारा यांतली भिंतच त्याने पडते.

पण तो पुरा पडत नाही. मुखपृष्ठासारखी पाने सुरक्षित ठेवलेली असतात, तिथे प्रचालकांशिवाय इतरांचा हात पोहोचत नाही. मूळ प्रणालीतला बदल तर प्रोग्रामरनाच जमणार. शिवाय जुन्या माणसाला गैरसोयीची सवय झालेली असते. ती खुपते नवख्याला, आणि नेमके त्यालाच काम येत नसते. अशा माणसाला ‘तुम्हीच करा’ म्हणणे म्हणजे सभ्य भाषेत ‘गप्प बसा’ म्हणणे.

२०१५ साली विकिमीडिया फाउंडेशनने यावर एक वाट काढली. जगभरच्या संपादकांनी आपापल्या मागण्या मांडायच्या, इतरांनी मते द्यायची आणि पहिल्या दहा मागण्यांचा तपास करून उत्तर देण्याचे पगारी प्रोग्रामरांच्या एका गटाने बांधून घ्यायचे. लक्षात घ्या, वचन उत्तराचे होते, होकाराचे नव्हे. पहिली आलेली मागणी होती बंद पडलेल्या दुव्यांना जतन केलेल्या प्रती जोडण्याची. त्यावर भरपूर काम झाले. एखाद्या सदस्याच्या सर्व संपादनांवर नजर ठेवण्याची सोयही पहिल्या दहांत आली होती. ती नाकारली गेली, कारण तिचा वापर कोणाचा पिच्छा पुरवण्यासाठी होऊ शकला असता. बहुमत असूनही ‘नाही’ म्हटले आणि का ते सांगितले. माझ्या मते स्वयंसेवकाचे देणे इतकेच आहे. सूचना मानण्याचे बंधन त्याच्यावर नाही; ती ऐकून, कारणासह उत्तर देण्याचे मात्र आहे. सूचना करणाऱ्याला राग नकाराचा फारसा येत नाही, मौनाचा येतो.

अर्थात मतदानात मोठ्या भाषांचे पारडे जड असते. तरीही त्या वर्षी तिसरी आलेली मागणी लहानांच्या कामाची होती: साच्यांचे सर्व भाषांसाठी एकच भांडार. काम फार मोठे ठरले, भांडार उभे राहिले नाही. मराठीतले संपादक आजही इंग्रजीतले साचे एकेक करून उतरवून घेतात.